इरेतीच्या आईची गाडी

जुनी गाडी स्वस्तात आणि चांगली कुठे मिळते, असं आमच्या इबादान शहरात कुणालाही विचारा. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तोही कमरेवर हात ठेवून सल्ला देईल. मला सगळ्यांनी एकच सांगितलं, बोटीतून उतरलेली घे. गोऱ्यांनी वापरलेली. इथल्या माणसाने वापरलेली म्हणजे चोखून टाकलेली कोय. मलाही ते पटत होतं. खोटं कशाला बोलू, सीटवर कोरं प्लास्टिक चकाकतंय अशी गाडी मला गल्लीतून मिरवत आणायची होती.

गाडी हवी होती आमच्या ह्यांच्यासाठी. लासिसी, सिकिरूचे बाबा. पंचवीस वर्षं त्यांनी सांगो ते डुग्बे अशी शेअर टॅक्सी चालवली, पण ती दुसऱ्याच्या मालकीची. मालक वारला, त्याच्या पोरांनी टॅक्सी भंगारात घातली, आणि हा माणूस ओट्यावर जो बसला तो बसलाच. दोन वर्षं! जेवायला वाढलं की "हं", काही विचारलं की "बघू". भांडायला जावं तर समोर भांडणारं कुणी नाही. स्टँडच्या युनियनवाल्यांनी जुन्या ओळखीखातर रांगेतली त्यांची जागा राखून ठेवली होती. शेवटी त्यांचाही निरोप आला, शुक्रवारपर्यंत गाडी आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. जागा गेली असती तर हा माणूस ओट्यावरून पुन्हा उठला नसता, हे मला दिसत होतं. त्याच आठवड्यात माझी भिशी लागली. मग मी कसली थांबतेय! ह्यांना हाताला धरून गाड्यांच्या बाजारात नेलं.

"या अल्हाजा, या!" अलाबी नावाचा विक्रेता धावतच आला. मक्केला मी अजून गेलेली नाही, पण हाजीण म्हटलेलं कुणाला आवडत नाही? मी मान ताठ केली.

"ही बघा. परवाच बेल्जियमहून उतरली. एक म्हातारी नर्सबाई चालवायची, तीही फक्त रविवारी चर्चला जायला. आपल्या रस्त्याची धूळसुद्धा लागलेली नाही हिला. प्लास्टिक बघा, अजून काढलेलं नाही."

प्लास्टिक खरंच होतं. माझा जीव तिथेच अडकला. मी आत बसूनही घेतलं. हे दाराशी उभे.

"कशी वाटते हो?" मी विचारलं.

"बघू."

उतरताना माझी एक चप्पल सीटखाली गेली. वाकून हात घातला तर चपलेऐवजी हाताला एक हातपंखा लागला. आमच्याकडे लग्नात नाहीतर मयतीच्या जेवणात पाहुण्यांना वाटतात ना, तसला प्लास्टिकचा. त्यावर एका म्हातारीचा फोटो, आणि खाली छापलेलं, 'आमची लाडकी आजी, ओजे, इबादान.'

मी सावकाश वारा घेत विचारलं, "काय रे अलाबी, तुझ्या बेल्जियमच्या नर्सबाई ओजेला मयतीचं जेवायला आल्या होत्या वाटतं?"

"अल्हाजा, ते बंदरावर कुणीतरी..."

"आणि जेवून पुन्हा गाडीसकट बोटीत बसल्या? वर कोरं प्लास्टिक घालून माणसाला गंडवतोस मेल्या! आणि अल्हाजा कुणाला म्हणतोस रे?"

तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी खोकल्यासारखं झालं. वळून बघते तर हे हसत होते. गाडीच्या टपाला धरून, डोळे पुशीत, अंग गदगदा हलवत हसत होते. दोन वर्षांत मी ह्यांचे दात पाहिले नव्हते. अलाबी राहिला बाजूला, मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

बाजाराबाहेर आलो तेव्हा हे आपणहून बोलले. "इरेतीची आई गाडी विकतेय. लेकीकडे कॅनडाला चाललीय कायमची."

"कोण, आपल्या समोरची?"

"तीच. तिचं इंजिन मी रोज सकाळी ऐकतो. एका झटक्यात लागतं. एवढ्या दिवसांत कधी कुरकुरलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "समोरच्या घरची गाडी? दोन वर्षांनी तोंड उघडलंत ते हे सांगायला? अहो, गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं त्या गाडीला! तुमची बहीण म्हणेल, वहिनीने शेजारणीचं उष्टं घेतलं. मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू विझलं. खाली बघत म्हणाले, "बघू."

कसाबसा हाती लागलेला माणूस मी माझ्याच तोंडाने घालवत होते. जळो ती इज्जत! नणंदबाई काय मला शिरा खायला घालणार होत्या?

"काय बघू?" मी ओरडले. "चला आत्ताच्या आत्ता! तिने दुसऱ्या कुणाला दिली म्हणजे?"

इरेतीची आई ओसरीवर बॅगा भरत होती. म्हणाली, "भाऊ, रोज समोर बसून गाडीकडे बघता, मग विचारत का नव्हता?"

"हिला बोटीतली हवी होती," हे म्हणाले. घ्या! तेवढं बरं बोलता आलं.

बाईने स्वतःच उणिवा दाखवल्या. मागचं डावं दार आतून उघडत नाही, रेडिओवर एकच स्टेशन लागतं. मी तरीही घासाघीस केली, सवय जाते होय? तिने चावी माझ्या हातात न देता सरळ ह्यांच्या हातात दिली. मला तेही चाललं.

गुरुवारी टॅक्सीचा रंग मारायला गाडी रंगाऱ्याकडे न्यायची होती. मी डोक्याला नवा रुमाल बांधून पुढे ह्यांच्या शेजारी बसले, अगदी राणीसारखी. कोपऱ्यावर टोमॅटोची टोपली घेतलेल्या एका बाईने हात केला. ह्यांनी गचकन ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "डुग्बे! डुग्बे! चला डुग्बे!"

हाच आवाज ऐकून मी ह्यांच्याशी लग्न केलं होतं.

"अहो, अजून रंग लागायचाय! पोलीस धरतील!"

"धरू देत. सरक तिकडे. पुढे दोघं बसतात."

बाई माझ्या अंगावर रेलून बसली, तिची टोपली माझ्या मांडीवर. थोडं अंतर गेल्यावर आणखी दोघं मागच्या सीटवर चढले. रंगाऱ्याची गल्ली केव्हाच मागे पडली. ह्यांनी मागच्यांकडून भाडं घेतलं, बाईकडून घेतलं, आणि मग तळहात माझ्यापुढे धरला.

"काय?"

"भाडं."

"अहो, बायको आहे मी तुमची!"

"बायको घरी. गाडीत बसलं की भाडं. काढ."

निर्लज्ज माणूस! मी शिव्या घालत कमरेची गाठ सोडली आणि पैसे त्यांच्या हातावर आपटले. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पण दोन्ही हात पुन्हा टोपली सावरण्यात गुंतले होते.

टोमॅटोवाली माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, एवढ्याशा भाड्यासाठी कुणी रडतं का?"

मी तिला काही सांगणार होते, पण माझं तिला ऐकू आलं नसतं. मागे एक जागा रिकामी होती, आणि हे पुन्हा खिडकीतून ओरडायला लागले होते.