बाईंनी सुधारलेल्या कथा

चौतीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल पेन चालवून बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण जगाच्या चुका काढणं काही थांबलं नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटायची नाही.

नणंदेच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या, पंधरा दिवस वाचन बंद. ती बाईंकडे राहायला आली तीच एक जाडजूड पुस्तक घेऊन. आजच्या बारा लेखकांच्या बारा कथा.

"वहिनी, रोज दुपारी एक वाच. मी ऐकते."

बाईंनी पुस्तक चाळलं आणि नाक मुरडलं. एका कथेत लिफ्ट दुरुस्त करणारा नुसता बडबडत होता, तोही शिव्या देत. एक जेमतेम दीड पानाची. एकीतली माणसं अर्धं वाक्य बोलून गप्प बसत होती. एकीला तर शेवटच नव्हता. पान गळलं की काय म्हणून बाईंनी आकडे तपासले.

"वन्सं, याला कथा म्हणायचं? सातवीतला ठोंब्यासुद्धा शेवट लिहितो हो!"

"तू वाच गं."

मग बाई वाचता वाचता सुधारायलाच लागल्या. लिफ्टवाला शुद्ध बोलू लागला. अर्धी वाक्यं पूर्ण झाली. भांडलेले भाऊ गळ्यात पडले, चोराला पश्चात्ताप झाला. लेखकांना जमलं नाही ते आपण किती झटक्यात केलं, असं बाईंना वाटायचं. नणंद नुसतं "हं" म्हणायची.

नवव्या कथेतली बाई सकाळी भांडी घासते, हात पुसते आणि घर सोडून जाते. का, ते कुठेच नाही. बसमध्ये खिडकीशी बसते, की संपलं. हा तर शुद्ध कामचुकारपणा! बाईंनी तिला तिसऱ्या थांब्यावर उतरवलं, घरी आणलं आणि नवऱ्याला माफी मागायला लावली.

नणंद ताडकन उठून बसली. "ही परत कशी आली?"

"आली. तसंच लिहिलंय."

"वहिनी, तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसले मी. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे. नऊ दिवस ऐकतेय, सगळी एकाच तोंडाने बोलतायत. तुझ्या. लिफ्टवाला कधी 'तथापि' म्हणतो का?"

"भिकार लिहिलं होतं, म्हणून नीट केलं."

"सांगितलं होतं कुणी? मी घर सोडलं तेव्हाही तू हेच केलंस. नवरा दारू पितो म्हणून सोडलं, असं सगळ्यांना सांगत सुटलीस. तो थेंबही घेत नव्हता. कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला मात्र काहीतरी जुळवल्याशिवाय चैन पडेना."

पट्ट्यांआडून नणंदेला आपला चेहरा दिसत नाही, याचं बाईंना पहिल्यांदाच बरं वाटलं. त्यांनी पान मागे उलटलं.

"वाचते. पण माझं मत बदललेलं नाही."

"मत कुणाला हवंय? गोष्ट वाच."

त्यांनी छापलंय तसं वाचलं. ती बाई खिडकीशी बसली आणि कथा संपली. मग नणंद म्हणाली, "आता पहिलीपासून परत."

रोज दोन-दोन कथा झाल्या. लिफ्टवाल्याची एकेक शिवी बाईंनी कडू औषध गिळावं तशी उच्चारली. नणंद इतकी हसली, की डोळ्यांना ताण पडेल म्हणून बाईंना वाचन थांबवावं लागलं. दीड पानाची कथा तिने तीनदा ऐकली. का, ते बाईंना कळलं नाही. या वेळी त्यांनी विचारलंही नाही.

पट्ट्या निघाल्यावर नणंद पुस्तक तिथेच ठेवून गेली. शेजारीण आली, तेव्हा ते टेबलावर उघडं पडलं होतं.

"कसं आहे हो?"

"टाकाऊ. बारांतली एक कथा धड असेल तर शपथ."

"मग मी नेऊ का? मला वेळ घालवायला चालेल."

बाईंनी पुस्तक पटकन आपल्याकडे ओढलं. "थांबा जरा. माझं अजून वाचून व्हायचंय."