पुढच्या डाव्या चाकाचा नारळ

हैबतीआबा अमावस्येला नारळ फोडायचे तवा तिकडं तोरण्यावरची माकडं टाळ्या वाजवायची. खोटं वाटत असंल तर पासलीत कुणालाबी विचारा. विचारलेला माणूस हसंल, पर न्हाई म्हणायचा न्हाई. आवाजच तसा व्हता. आन् फोडायचे कशावर, तर सुनंच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर. थेट काठावर, धातूवर, ठण्णकन.

सून वर्षाराणी. पासलीच्या वरच्या अंगाला धनगरवस्ती हाये, तिथली गाडी चालवणारी पैली बाई. तिचा नवरा गोरख केळदच्या खिंडीत फटफटीवरनं घसरला आन् पाय मोडून बसला. तवापासनं तो शेरडांमागं आन् ती स्टेअरिंगमागं, असा घरचा बंदोबस्त झाला. गाडी घेतली जुनीच, पर चाकं अशी की माणसानं बघत ऱ्हावं. अलॉयची, लेथवर तासून लखलखीत केल्याली, वर काचंसारखं लॅकर. वेल्ह्याला एसटीतनं उतरलेली मंडळी ती मढे घाटाला न्यायची, कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात पोचवायची, आन् संध्याकाळी घरी आली की आधी चाकं पुसायची, मंग च्या घ्यायची. वस्तीतल्या बाया त्या चाकात बघून कुंकू लावायच्या. बनाबाईनं तर आपला किडका दात त्यात बघूनच उपटला म्हणत्यात.

आबांचा जीव मातर चमकंत नव्हता. गोरखच्या फटफटीला आपुन कधी नारळ फोडला न्हाई, म्हणून पोरगं पडलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं व्हतं. सून घाटात गेली की ती परत येईस्तोवर आबा दारातल्या बाजंवर वळणाकडं डोळं लावून बसायचे. नारळ फोडला की तेवढा महिना जरा सुखाचा जायचा.

"आबा, दगडावर फोडा की," गोरख म्हणायचा.

"दगडावर फोडला तर दगडाची राखण हुईल. गाडीचं काय?"

"मंग टायरावर फोडा."

टायरावर बी एकदा फोडून बघितला व्हता. रबरावर आपटल्याला नारळ जो उडाला, तो वस्ती ओलांडून, ओढा ओलांडून खालच्या खाचरात भात लावायला वाकलेल्या बायांच्या मधोमध पडला. बायांनी आभाळाकडं बघून हात जोडले. तवापासनं आबांनी टायराचा नाद सोडला.

पर त्या चाकाला काय तरी झालं. लॅकरच्या आतनं पांढऱ्या रेघा निघाल्या, वाळवी चालल्यागत. वर्षाराणीनं चाक भोरला नेलं. उत्रोलीच्या रस्त्याला कुंडलिकचं चाकं दुरुस्त करायचं दुकान हाये, तिथं. कुंडलिक म्हणाला, "खडी उडती, वहिनी." तासून, लॅकर मारून दिलं. काही महिन्यांनी पुन्हा रेघा. तवा तो म्हणाला, "शेरडं मुतत असतील." मंग बिचाऱ्या काळ्या बोकडाला गाडीपासनं लांब, पार चिंचंखाली बांधला. बोकड रुसला, आन् चाक पुन्हा पांढरं पडलं.

तिसऱ्या खेपंला आबा बी संगं निघाले. सून एकटी भोरला जाती, कोण तरी पायजे की.

कुंडलिकनं चाक काढलं, उजेडात धरलं आन् काठावर बोट फिरवलं. "वहिनी, बाकीची तीन चाकं नवरीगत नटल्याती. ह्यालाच कोण मारतंय?"

आबा पुढं झाले. "मारतंय कोण? म्या नारळ फोडतो. दर अमावस्येला. एका घावात!"

हवा भरायचं मशीन आपोआप बंद पडलं म्हणत्यात.

"चाकावर?" कुंडलिकनं इचारलं.

"मंग काय, छतावर?"

कुंडलिक स्टुलावर टेकला. रागावला न्हाई बिचारा, हळू आवाजात बोलला. "आबा, हे लॅकर म्हंजे चाकाची कातडी. घाव बसला की कातडी फुटती. फटीतनं नारळाचं पाणी आत शिरतं, आन् धातू आतल्या आत पांढरा पडत जातो. पुसता का तुमी नंतर?"

"देवाचं पाणी कोण पुसतं?"

म्हणाले खरं, पर आबांचं तोंड उतरलं. ही पोरगी रोज सांच्याला पदर खोचून चाकं पुसती, आन् चाक खराब करणारा हात आपलाच! आबांनी हात धोतराला पुसले, जसं काय अजून नारळाचं पाणीच लागलंय. सुनंकडं बघायचं धाडस हुईना.

"आता काय करायचं?" वर्षाराणी म्हणाली.

"दोन वाटा हाईत," कुंडलिक म्हणाला. "पुन्हा तासतो, लॅकर मारतो. आधी व्हती तशी चमक. पर दर खेपंला धातू पातळ हुतो, ह्याच्यापुढं तासायचं जमायचं न्हाई. आन् नारळ बंद. दुसरी वाट म्हंजे पावडर कोट. सगळा जुना थर काढायचा, वाळूचा मारा करायचा, कोरडी पावडर उडवायची आन् भट्टीत भाजायचं. जाड बसतं. खडी, चिखल, घाटातला पाऊस, काय लवकर शिवत न्हाई. नारळालाबी लवकर हार जायचं न्हाई, पर वरनं पाणी मारून धुवायला लागंल. आन् चमक गेली. चारी चाकं सारखी करू, राखाडी."

"राखाडी म्हंजे?" आबांनी इचारलं.

कुंडलिकनं एक भाजल्यालं चाक दाखवलं. चुलीतली राख दिसती तसं. त्यात बनाबाईला दात सोडा, आख्खी बनाबाई दिसली नसती.

वर्षाराणी आपल्या चाकाकडं बघत उभी राहिली. मंग दोघं एकदमच बोलले.

"भाजा," वर्षाराणी म्हणाली.

"तासा," आबा म्हणाले.

कुंडलिक ह्याच्याकडं बघतो, तिच्याकडं बघतो. "आवो, उलटं झालंय काय तरी. तुमी जागा बदलून उभं ऱ्हावा."

"मामंजी, तुमी मधी बोलू नका. घाटात म्या जाती."

"व्हय, तूच जातीस. म्हणूनच म्हणतो, तुझी चमक ऱ्हाऊ दे. म्या नारळ फोडायचा सोडला."

"मला न्हाई चमकंचं एवढं."

"खोटं बोलू नगं. रोज पुसतीस, म्या बघतो."

"आन् तुमी रोज दारात बसता, त्ये म्या बघत न्हाई व्हय? गाडी वळणावर आली की उठून शेरडं हाकायचं नाटक करता. शेरडं तर कवाच गोठ्यात गेल्याली असत्यात!"

आबांनी मिशीवरनं हात फिरवला.

"नारळ सोडला तर तुमी महिनाभर जेवायचं न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "मंग म्या गाडी चालवू का तुमास्नी घास भरवू?"

"जेवीन की."

"लई जेवता! गोरखला सगळं ठावं हाये." मंग तिनं कुंडलिककडं तोंड केलं. "दादा, गाडी कुणाच्या नावावर हाये?"

"तुमच्या, वहिनी."

"मंग भाजा."

भाजली. राखाडी चाकं घेऊन गाडी वस्तीवर आली तवा बाया हळहळल्या. आता रोज सांच्याला वर्षाराणी चाकांवर नुसतं फडकं मारायची आन् आत जायची, आन् आबांना त्या फडक्याकडं बघवायचं न्हाई.

अमावस्या आली. पुण्याची तीन पोरं मढे घाटाला निघाली व्हती, गाडीत बसून मोबाईल बघत व्हती. आबा कुंकू लावल्याला नारळ घेऊन आले. चाकापुढं वाकले, हात वर नेला, आन् तसाच खाली आणला. मंग गुमान दारातल्या दगडाकडं वळले.

वर्षाराणीनं इंजिन बंद केलं. "मामंजी. चाकावर."

"असू दे. हितं बी चालतंय."

"चाकावर फोडा, न्हाईतर गाडी हलायची न्हाई."

"आक्का, किती वेळ?" एका पोरानं इचारलं.

"आबांना इचारा."

आबांना घाम फुटला. चाकापाशी आले आन् नारळ असा टेकवला, जसं काय पाळण्यातल्या पोराला थोपटावं. नारळाला कळलं सुदिक न्हाई. गोरख गोठ्यातनं लंगडत आला आन् हसायला लागला. "आबा, फोडताय का निजवताय?"

त्यानं आबांना चेव आला. ठण्णकन घाव बसला. माकडांनी टाळ्या वाजवल्या का न्हाई ते कुणी ऐकलं न्हाई, कारण सगळी मंडळी चाकाकडं वाकली व्हती. आबांनी अंगठ्यानं काठ चोळला. कुंकू निघालं, खाली राखाडी रंग जसाच्या तसा.

वर्षाराणी बाटली आन् फडकं घेऊन खाली उतरली, चाकावर पाणी ओतलं.

"दे हिकडं ते फडकं," आबा म्हणाले, "तू बस, उशीर हुतोय." आन् उकिडवं बसून पुसायला लागले. काठ पुसला, आरा पुसला, मधला खळगा बी सोडला न्हाई. इंजिन सुरू झालं तरी आबांचा हात चाकावरच.

तिनं काच खाली केली. "मामंजी, हात काढा. न्हाईतर तुमास्नी बी घाटात न्यायला लागंल."

आबा उठले. बाजंकडं बघितलं, वळणाकडं बघितलं. मंग पुढचं दार उघडून पुढं बसलेल्या पोराला म्हणाले, "मागं जा रं बाबा."

नारळाची वाटी मांडीवर ठिवून आबा पुढं बसले. केळदची खिंड येईस्तोवर आबांनी एक स्टेअरिंग सोडलं, तर बाकी सगळी गाडी सोताच चालवली. "हळू! म्हस हाये! हॉर्न दे! वळण, वळण!"

"व्हय मामंजी," वर्षाराणी म्हणत ऱ्हायली.