चमन शिकलगारनं चांगलं म्हटलं

चमन शिकलगारनं शिरोलीच्या फौंड्रीत हाक मारली की पंचगंगेपलीकडच्या म्हशी पान्हा सोडायच्या. पटत नसेल तर म्हशींना विचारा. त्या खोटं बोलत नाहीत, तो धंदा माझा. वाळू चाळायचं यंत्र, मोल्डिंगची मशीनं आणि भट्टीचा पंखा एकदम सुरू झाला की फौंड्रीत शेजारच्याची शिंक ऐकू येत नाही, नुसती दिसते. त्या गदारोळात चमनचा आवाज तेवढा सरळ जायचा. तीन नंबर लाईनचा तो सुपरवायझर. मी त्याच शेडच्या कोपऱ्यात, साचा ज्यावरून पाडतात ते लाकडी पॅटर्न दुरुस्त करायचो, त्यामुळे माझ्या उजव्या कानानं त्याची सगळी कारकीर्द ऐकलेली आहे.

त्याच्या आवाजाला उत्तर देणारा अख्ख्या शेडमध्ये एकच होता, जोतीराम. शाहूवाडीकडचा. त्याचं काम लेडलवर, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं. हे दोघे एकाच वर्षी हेल्पर म्हणून लागले होते. पुढं चमनला बढती मिळाली, जोतीरामला मिळाली नाही, आणि दोघांनीही त्यावरून चहाचा कप कधी थंड होऊ दिला नाही.

"जोत्या, रेड्या, धार तोडू नगंस! लोखंड ओतायलाईस का म्हशीची धार काढायलाईस?"

"गप की चमन्या! तुझ्या तोंडाच्या वाफंनं साचा फुटंल!"

पोरं हसायची. हसता हसता धार मात्र अखंड पडायची, कारण धार मधेच तुटली की कास्टिंग वाया. या दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत असा दिवस म्हणजे सोमवार, कारण सोमवारी कारखान्याला सुट्टी.

पण खरं सांगायचं तर सगळं काही बरं चाललं नव्हतं. नवी पोरं टिकत नव्हती. चमनच्या तोंडाचा दणका ऐकून एक पोरगं जेवणाचा डबा तिथंच टाकून गेलं, ते परत आलं नाही. डबा अजून कपाटावर आहे. त्यात माल नापास व्हायचं प्रमाण वाढलं. एक दिवस धाकटे मालक धैर्यशील यांनी चमनला केबिनमध्ये बोलावलं.

"चमनभाई, पुण्याचं गिऱ्हाईक माल परत पाठवायलंय. दिवाळीपर्यंत रिजेक्शन खाली आलं न्हाई तर तीन नंबर बंद करावी लागंल."

"आणि माणसं?"

"लाईनच न्हाई म्हटल्यावर माणसं कुठं ठेवू, सांगा की."

चमन बाहेर आला तो तोंडातली शिवी तोंडातच ठेवून. माझ्यापाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, "एक बी माणूस जाऊ द्यायचा न्हाई." लाईनवर मात्र यातलं त्यानं काही सांगितलं नाही. घाबरलेल्या हाताची धार थरथरते, असं त्याचं म्हणणं.

मालकांनी सगळ्या सुपरवायझरांना ट्रेनिंगला धाडलं. हायवेवरच्या हॉटेलात, एसी हॉलमध्ये. एसी एवढा गार की दोन नंबरच्या सुपरवायझरच्या मिशीवर दव साठलं. शिकवायला नंदिनी मॅडम होत्या. बाई हुशार आणि मनानंही चांगल्या, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांच्यावरच घसराल. त्यांनी शिकवलं की माणसाचं चांगलं काम दिसलं तर चारचौघांत, नाव घेऊन सांगा. चूक बाजूला घेऊन सांगा. ओरडू नका. आणि कोणी रागानं काही विचारलं तर फटकन उत्तर देऊ नका, आधी त्याला काय वाटतंय ते विचारा, ऐकून घ्या. यात चुकीचं काय आहे? एक नंबर लाईनला हे सगळं औषधासारखं लागू पडलं.

पण चमन कुठलीच गोष्ट अर्धी करायचा नाही. आरशासमोर उभं राहून त्यानं चांगलं बोलायचा सराव केला. घरी जेवताना बायकोला, सुगराला म्हणाला, "तुमच्या हातच्या कालवणाला तोड न्हाई. तुम्ही या घरासाठी फार केलंत." सुगराच्या हातातली पळी खाली पडली. "डॉक्टर काय म्हणाला?" ती म्हणाली. "माझ्यापास्नं लपवू नगासा."

तिचंही काही चुकलं नाही. आमच्याकडं माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची रीतच नाही. चांगलं म्हणायचं ते त्याच्या निरोप समारंभाला, नाहीतर रक्षाविसर्जनाला. घाटावर जमलेल्या मंडळींपुढं कोणीतरी उभा राहतो, हात पुढं बांधतो आणि गेलेल्याचे गुण सांगतो. जिवंतपणी ज्याला 'ये रताळ्या' म्हणून हाक मारली, तो त्या दिवशी दिलदार, कष्टाळू आणि मनमिळाऊ होतो.

मंगळवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी चमननं लाईनची पहिली बैठक घेतली. माणसं अर्धगोलात उभी राहिली. चमननं हात पुढं बांधले आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"आपले जोतीराम गेली अनेक वर्षं या लाईनवर प्रामाणिकपणानं काम करत आले. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ. त्यांनी या फौंड्रीला जे दिलं, ते आपण विसरू शकत न्हाई."

एकानं हेल्मेट काढलं. दुसऱ्यानं सवयीनं हात जोडले. जोतीरामच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, भट्टीतनं काढलेलं लोखंड निवत जातं तसा.

दुपारपर्यंत शेडभर झालं. वरून हुकूम आलाय, एक माणूस कमी करायचाय, आणि चमन त्याला गोडीत काढायलाय. सगळ्यांत जुना जोतीरामच. दुसरं कोण असणार?

जेवणाच्या सुट्टीत हात धुवायच्या नळावर जोतीरामनं त्याला गाठलं. मी मागं उभा होतो.

"चमन्या, सरळ सांग. मला काढायलाईस व्हय?"

आता इथं एक दणदणीत शिवी पुरली असती. 'तुला काढून मी कुणावर वरडू, रेड्या' एवढं म्हटलं असतं तर दोघे खांद्यावर हात टाकून चहाला गेले असते. शिवी चमनच्या ओठांपर्यंत आली, मी बघितली. मग त्याला मॅडम आठवल्या. रागानं विचारलं तर फटकन उत्तर द्यायचं नाही. त्यानं ती गिळली आणि शांतपणे विचारलं, "तुला असं का वाटतंय, जोतीराम?"

पाण्याचा नळ तसाच वाहत राहिला. जोतीरामनं तो बंद केला, हात विजारीला पुसले आणि निघून गेला. आमच्या लोकांची ईर वाईट. कोणी ढकलायच्या आधी आपणच उडी मारायची, म्हणजे ढकललं असं कोणी म्हणायला नको. पाळी सुटायच्या आत त्यानं ऑफिसात राजीनामा ठेवला. ऑफिसनं तो तिथल्या तिथं मंजूर केला.

चमननं फोन लावले, त्यानं उचलले नाहीत. मग चमनलाही ईर चढली. माझ्या तोंडावर न सांगता ऑफिसात कागद दिला काय? दे. येईल झक मारत. जोतीराम आला नाही.

आणि इथून पुढं तीन नंबर सुधारली. हे मी खोटं सांगत नाही, खोटं असतं तर बरं झालं असतं. लाईनवर कोणी बोलेना. चमननं एखाद्याला 'छान' म्हटलं की तो आपला डबा आवरायला घ्यायचा. आपली पाळी येऊ नये म्हणून माणसं एकेक साचा दोनदा तपासू लागली, मुतायला जायची तीसुद्धा पळत जायची. लाईन इतकी गप झाली की शेडमधले उंदीर बिऱ्हाड उचलून दोन नंबरला गेले, त्यांना वाटलं इथं कायमची सुट्टी लागली. दिवाळीच्या आत रिजेक्शन एवढं खाली आलं की पुण्याच्या गिऱ्हाईकानं पेढे पाठवले. लाईन वाचली. मालकांनी चमनला फेटा बांधला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चमनभाईंकडनं शिका."

नंदिनी मॅडम लाईन बघायला आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या.

"चमनभाई, इथं कुणी बोलत का नाही?"

"इचारलं की बोलत्यात, मॅडम."

"आणि हसत का नाहीत?"

चमननं खरोखर विचार केला. "ते आपल्या कोर्सात न्हवतं," तो म्हणाला.

त्यानं नळावरचं सगळं सांगितलं. मॅडमच्या हातातला पेढा तसाच राहिला. "मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?"

"नगं. तुम्ही गेलासा तर त्यो आणखी चार गावं लांब जाईल."

पुढच्या सोमवारी चमन गाडीला किक मारून स्वतःच शाहूवाडीकडं गेला. मला मागं बसवलं, सोबत म्हणून. भाताची मळणी सुरू होती. जोतीराम खळ्यावर होता. आम्हाला बघून त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि पटकुर झाडून अंथरलं.

"या. बसा. वाटेत तरास न्हाई न्हवं झाला?"

"जोत्या," चमन उभ्या उभ्याच म्हणाला, "मी तुला काढणार न्हवतो रं. त्या ट्रेनिंगमधी शिकवलं हुतं, चांगलं म्हणा म्हणून. म्हणून म्हणालो."

"व्हय. कळलं मला नंतर."

"कळलं? मग आला का न्हाईस?"

जोतीरामनं खळ्यावरची एक लोंबी उचलून बाजूला टाकली. "मी इचारलं तवा 'न्हाई' म्हणायचं हुतं. तेवढंच हुतं. तुम्ही मलाच इचारलासा, काय वाटतंय."

चमन खाली बसला. एवढा मोठा माणूस, पटकुरावर बसला तो पोत्यासारखा. "चुकलं माझं. एक शिवी दे. आई-बापावरनं दे. पर दे की रं."

"पावण्याला शिवी देत न्हाईत आमच्यात," जोतीराम म्हणाला आणि चहा सांगायला घरात गेला.

चहा चांगला होता. गुळाचा. आम्ही तो प्यालो, आणि निघताना त्यानं दोघांच्याही पाया पडायला लेकीला बोलावलं. येताना मलकापूर मागं पडलं, बांबवडे मागं पडलं, चमन नुसती गाडी हाणत राहिला. वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं, असं मी धरून चाललो.

मंगळवारी त्यानं बैठक घेतली नाही. भट्टी लागली, पंखा सुरू झाला. जोतीरामच्या जागी आलेला उदयसिंह लेडल घेऊन उभा होता. साच्यात ओतताना त्याची धार किंचित हलली. चमननं छाती भरून घेतली आणि ओरडला, अगदी पूर्वीसारखा, पत्रे हादरले.

"धार तोडू नगंस, रेड्या!"

सगळी लाईन थांबली. कोणी हसलं नाही. चमन वाट बघत उभा राहिला, मान थोडी तिरकी करून.

"सॉरी सर," उदयसिंह म्हणाला, आणि त्यानं खालमानेनं पुढचा साचा भरायला घेतला.