चौदा मिलिलिटर

बाहेरून आलेले परीक्षक प्रयोगशाळेच्या टेबलावरच बिस्किटं खात होते. तासाभरापूर्वी त्याच टेबलावर आम्ल सांडलं होतं. बोट जिभेला लावायचं, उत्तरपत्रिकेचं पान उलटायचं, आणि त्याच बोटाने पुढचं बिस्किट उचलायचं. 

"छान आहे हो तुमची बॅच," ते म्हणाले. "सगळ्यांचं एकच उत्तर. दहा पॉइंट शून्य. डोकं लावावंच लागत नाही."

मुलं चोवीस होती. प्रयोग साधा होता. फ्लास्कमध्ये दहा मिलिलिटर आम्ल घ्यायचं, वरच्या ब्युरेटमधून त्यात थेंबथेंब अल्कली सोडायची, आणि फ्लास्क फिकट गुलाबी झाला की थांबून आकडा वाचायचा. दोन्ही द्रावणं सारख्या ताकदीची असली की आकडा दहा येतो. द्रावणं मी केली होती.

"ही एक वेडी सोडून," परीक्षकांनी एक पेपर माझ्याकडे सरकवला. त्यावर बिस्किटाचा चुरा होता. "हिचं चौदा. प्रयोगाचे वीसच्या वीस गेले. वही आणि तोंडी मिळून नऊ. पासला बारा लागतात. नापास."

पेपर शिडीचा होता. उंचीमुळे पोरी तिला शिडी म्हणत. बाकीच्यांची नावं कॉलेजात आणि मुक्काम क्लासमध्ये. प्रॅक्टिकलला वर्षभर ही एकटी यायची. इतरांच्या वह्या वर्षअखेरीस गठ्ठ्याने यायच्या, एकाच वहीवरून उतरवलेल्या, शाईच्या डागासकट. त्यांवर सह्या माझ्याच होत्या.

मी तिचे आकडे पाहिले. चौदा पॉइंट शून्य, चौदा पॉइंट एक, चौदा पॉइंट शून्य. चुकणाऱ्या हाताचे आकडे असे येत नाहीत. हात चुकतो तेव्हा बारा येतात, मग सोळा, मग अकरा.

मी उठले आणि कपाटातली आम्लाची बाटली काढली. नवीन होती. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: निर्जल. दरवर्षी स्फटिकात पाणी असलेलं आम्ल यायचं. ते लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम लागतं. निर्जल असेल तर साडेचार पुरतं. मी लेबल न वाचता, सवयीने सहा पूर्णांक तीन घातलं होतं. द्रावण जवळजवळ दीडपट कडक झालं होतं. हिशेब केला, तर बरोबर चौदा.

मग मी सिंककडे वळले. प्रयोगशाळेचे मामा फ्लास्क धुवायला घेत होते. दोनचार गडद गुलाबी, बाकीचे पाण्यासारखे स्वच्छ. सहा ब्युरेट तर शून्याच्या रेघेपर्यंत तशाच भरलेल्या होत्या. कुणी तोटीला हातसुद्धा लावला नव्हता. आणि मी तीन तास त्याच खोलीत बसून हजेरीचे तक्ते भरत होते.

मी परीक्षकांसमोर फ्लास्क ठेवला आणि तोटी सोडली. दहाला काही झालं नाही. बाराला नाही. चौदाला गुलाबी झालं.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "आता?"

"आता चूक माझी आहे. द्रावण चुकलंय. तसं लिहून देते, परीक्षा पुन्हा घ्या."

त्यांनी प्राचार्यांना फोन लावला. प्राचार्यबाई दोन मिनिटांत आल्या. त्यांनी ना फ्लास्ककडे पाहिलं ना बाटलीकडे.

"लिहा ना," त्या मला म्हणाल्या. "पण मग कडक द्रावणात तेवीस जणांचं दहा कसं आलं, तेही लिहा. आणि वर्षभर कोणती प्रॅक्टिकल झाली म्हणून सह्या केल्यात, तेही."

"निदान तिला तरी पूर्ण गुण द्या."

"कसे देणार, बाई?" परीक्षक म्हणाले. "पेपर वर तपासायला जातात. तेवीस दहा आणि एक चौदा, आणि सगळ्यांना पूर्ण गुण? पहिला प्रश्न मलाच विचारतील. मी आपला सांगतो, तिला नवा पेपर द्या. पोरीचं वर्ष वाचेल, तुमचीही लाज राहील."

"बोलवा तिला," प्राचार्यबाई म्हणाल्या.

मी नको म्हणायला हवं होतं. मी मामांना पाठवलं.

शिडी आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या ॲप्रनवर अजून गुलाबी डाग होता. साऱ्या बॅचमध्ये मळलेला ॲप्रन तेवढाच.

"बाळा, चौदा कसं आलं तुझं?" प्राचार्यबाईंनी गोड आवाजात विचारलं.

"तीनदा केलं, मॅडम. मला वाटलं माझी ब्युरेट खराब आहे, म्हणून बदलून घेतली. तरी चौदाच."

"बाकीच्यांचं दहा आलंय, माहीत होतं?"

"हो. सगळे म्हणत होते दहा लिही. मामापण म्हणाले."

मामा सिंककडे तोंड करून होते. "मी आपलं मायेनं सांगितलं," ते पुटपुटले.

"मग का नाही लिहिलंस?"

तिला प्रश्नच कळला नसावा. "आलं नव्हतं ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, माझं चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं बरोबर होतं. तुझं एकटीचंच."

तिचा चेहरा उजळला. प्राचार्यबाईंनी तिच्यासमोर कोरा पेपर ठेवला आणि तिला सगळं समजावून सांगितलं. चौदा राहिलं तर नापास. दहा लिहिलं तर एकोणतीस. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर पुन्हा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी बाटलीचं लेबल वाचत होते.

तिने पेन उघडलं. पहिल्या ओळीत दहा पॉइंट शून्य लिहिलं. मग थांबली.

"काय झालं?" परीक्षकांनी घड्याळ पाहत विचारलं.

"तिन्ही सारखे लिहिले तर खोटे वाटतील ना, सर?" ती म्हणाली. दुसऱ्या ओळीत तिने दहा पॉइंट एक लिहिलं, आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा दहा पॉइंट शून्य.

"हुशार आहे हो मुलगी!" परीक्षक मनापासून हसले. जुना पेपर त्यांनी चुऱ्यासकट फाडून टोपलीत टाकला. नव्यावर दोन सह्या लागत होत्या. त्यांनी केली. मग मी केली.

शिडी "थँक यू मॅडम" म्हणून गेली. जाताना तिने ॲप्रन काढून त्याची घडी घातली, डाग आत जाईल अशी.

प्राचार्यबाई परीक्षकांना जेवायला घेऊन गेल्या. मामांनी द्रावणाचा मोठा कॅन हलवून पाहिला. "अर्धा उरलाय, मॅडम. दुपारच्या बॅचला हेच देऊ ना? पोरं काय, दहाच लिहिणार."

मी कॅन सिंकमध्ये ओतला. नळ सोडून ठेवला. मग लेबल पुन्हा वाचलं, तराजूवर साडेचार ग्रॅम आम्ल मोजलं, लिटरच्या रेघेपर्यंत पाणी घातलं आणि एकदा स्वतः तपासून पाहिलं.

दुपारच्या बॅचलाही चोवीस मुलं होती. सगळ्यांचं दहा आलं. या वेळी ते बरोबर होतं. अकरा ब्युरेट शून्यावर भरलेल्या होत्या.