शिसेबाईंचा शोधनिबंध

प्रयोगशाळेत सगळे त्यांना शिसेबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. पिण्याच्या पाण्यात शिसं किती आहे हे मोजण्यात बाईंची उभी हयात गेली होती. तरुणपणी त्यांनी त्यासाठी एक सोपी, स्वस्त पद्धत बसवली आणि तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तो छापून आला खरा, पण कित्येक वर्षं त्याला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मग परदेशातल्या एका बड्या प्राध्यापकांनी आपल्या आढावा-लेखात त्याचा उल्लेख केला आणि चक्रं फिरली. जो तो आपल्या निबंधात बाईंचा संदर्भ देऊ लागला. संस्थेच्या संचालकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बाईंचं नाव एका मोठ्या पुरस्कारासाठी पाठवून दिलं. बाईंनाही बरं वाटलं. नाही कशाला म्हणा!

अशात एका दुपारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई मुलांच्या इस्पितळात नर्स होती. कामाच्या वेळी ती उगाच फोन करणाऱ्यातली नव्हे. तिच्या वॉर्डात एक मुलगी होती. बाप आतलं शिसं काढायला घरातच जुन्या बॅटऱ्या फोडायचा. मुलीचं पोट सारखं दुखायचं, चेहरा पांढराफटक, पाठ झालेले पाढेही विसरत चाललेली. डॉक्टरांना शिशाचीच शंका होती, पण रक्ताचा अहवाल म्हणत होता, सगळं ठीक आहे.

"अहवालावर तुझ्याच पद्धतीचं नाव आहे," ताई म्हणाली. "ती रक्ताला चालते ना गं?"

"रक्ताला? मी रक्त कधी तपासलंच नाही."

ताईनं अहवालावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "मग हे लोक कुणाच्या भरवशावर तपासतायत?"

बाईंनी तो आढावा-लेख काढून नीट वाचला. आजवर त्यांनी त्यात फक्त आपलं नाव पाहिलं होतं. तिथे लिहिलं होतं, 'पाणी, रक्त इत्यादींसाठी उपयुक्त.' पुढच्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. एका मेंढरामागे दुसरं. मूळ निबंध उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती.

डॉक्टरांनी त्या मुलीच्या रक्ताचा नमुना पाठवला. बाईंनी तो आधी थेट मोजला. शिसं जवळजवळ नाहीच. मग तेच रक्त आम्लात उकळून, त्यातली प्रथिनं पार मोडून पुन्हा मोजलं, तर आकडा चढला तो थांबेना. प्रथिनं शिसं धरून ठेवत होती, आणि शिसं टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे उपकरणाच्या कांडीवर, सायीसारखा थर चढून उरलेलंही लपत होतं. बाईंनी लगेच डॉक्टरांना कळवलं. मुलीवर उपचार सुरू झाले, आणि ताईनं बापाला समोर बसवून असं काही सुनावलं की त्यानं बॅटऱ्यांचा पसारा घराबाहेर हलवला.

आणखी बऱ्याच नमुन्यांवर खात्री करून बाईंनी सगळं लिहून काढलं आणि संचालकांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, पुरस्काराचा निकाल लागेपर्यंत थांबता नाही का येणार?"

"सर, तोवर रक्ताच्या तपासण्या थांबणार आहेत का?"

संचालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, एक सुस्कारा सोडला आणि 'पाठवा' म्हणाले. फक्त संस्थेचं नाव नीट छापलं जाईल एवढं बघा, अशी पुस्ती जोडली.

बाईंना धास्ती होती ती त्या बड्या प्राध्यापकांची. नवा निबंध छापून आल्यावर त्यांचा स्वतःहून फोन आला. आपण तेव्हा बाईंच्या निबंधाचा फक्त सारांश वाचला होता, असं त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. दोघांनी मिळून दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुरस्कार दुसऱ्याच कुणाला तरी गेला. त्या दिवशी बाई घरी आल्या, जेवल्या नाहीत, लवकर झोपल्या. दुसऱ्या दिवशी ताईनं फोनवर सांगितलं की मुलगी घरी गेली. पाढे अजून अडखळतात, पण पोट दुखत नाही.

नव्या निबंधाला संदर्भ मिळाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जुन्याचे मात्र वाढतच आहेत, आणि अधूनमधून कुणीतरी पुन्हा रक्ताचं लिहितोच. असं दिसलं की बाई त्याला ईमेल करतात. काही जण आभार मानतात, बरेच जण उत्तरच देत नाहीत. त्यांना त्या आठवडाभरानं पुन्हा लिहितात.