दवाखान्याचं कुलूप

शालूला कळा सुरू झाल्या तशी आवडाबाई सुईण राघोवर ओरडली, "घरातली सगली कुलपां उघर. गाठी सोर. डब्यांची झाकनां पन काढ."

कोलशेतच्या आगरी घरांतून बाळंतपणाला असंच करतात. घरात काही बंद राहिलं तर बाई अडते म्हणतात. राघोने पेटी उघडली, खुराडं उघडलं, गाईचं दावंसुद्धा सोडलं. बायकोच्या, सगुणाच्या वेळीही त्याने हेच केलं होतं. उशिरा राहिलेलं मूल. ते गेलं, आणि रक्त थांबेना म्हणून तीही गेली. आता तिची लेक शालू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती.

यंदा गावात दवाखाना झाला होता. खोली कारखान्याने बांधून दिली. नर्स आणि औषधं सरकारची. खोलीची किल्ली कारखान्याच्या रखवालदाराकडे, गुणाजीकडे. आतल्या कपाटाची नर्स सुमतीबाईंच्या कमरेला. राघो त्याच कारखान्यात हमाली करायचा.

सुमतीबाईही बाळंतपणाला आल्या होत्या. दुपारी मुलगी झाली. रडलीही. पण आवडाबाई हसली नाही. सुमतीबाईंनी शालूचं पोट दाबून धरलं.

"रक्त फार जातंय. इंजेक्शन द्यायला हवं, ते दवाखान्याच्या कपाटात आहे. गुणाजी कुठंय?"

"ठान्याला गेलाय, सासुरवारीला. किल्ली त्याच्याकरंच," आवडाबाई म्हणाली.

"मग कुलूप तोडा. मला हात काढता येत नाही."

राघो म्हणाला, "बाय, कंपनीचा कुलूप हाय. उद्या मना गेटात घेतील का?"

"ते मी बघते. माझ्या कमरेची कपाटाची किल्ली काढून घ्या. वरच्या फळीवरचा लाल झाकणाचा डबा, अख्खा आणा."

आवडाबाईने किल्ली काढून राघोच्या हातात दिली. तरी तो उभाच. तेव्हा आवडाबाई रक्ताने भिजलेलं फडकं बाजूला टाकत म्हणाली, "राघो, तुला सगली कुलपां उघर सांगितला होता ना? येक राह्यलाय."

राघोने कोपऱ्यातली पहार उचलली आणि पळत सुटला. पहिला घाव भिंतीवर बसला. आपल्याला कोण बघतंय हेही त्याने पाहिलं नाही. सगुणाचा पांढरा पडलेला चेहरा तेवढा डोळ्यांसमोर होता. कोयंडा निघाला.

राघोने डबा आणला, सुमतीबाईंनी इंजेक्शन दिलं. आवडाबाई फडकी बदलत होती. राघो दारातून प्रत्येक फडक्याकडे बघत होता. लाल. पुन्हा लाल. मग जरा कमी.

"थांबतंय," सुमतीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी गुणाजी तणतणत आला. "कुलूप कुनी फोरला?"

राघो उठला, तोवर आवडाबाईच उंबऱ्यावर आली. "गावात बालंतीन हाय, आन् तू कुलूप घालून सासूच्या हातचा जेवाया जातोस? आता बारशापातुर नवा कुलूप लावून तं बघ!"

गुणाजी पुटपुटत मागे फिरला. राघोला हसू आलं नाही. तो तिथेच दारात बसला आणि शालूच्या अंगावरचं पांघरूण वरखाली होताना बघत राहिला.