रेसचे बूट

"एक नंबर मोठाच द्या. वाढत्या अंगाचं पोर आहे, पुढच्या वर्षीही चालतील," शर्वरीवहिनी म्हणाल्या.

विक्रेत्या नॉरबर्टने नकारार्थी मान हलवली. तो मूळचा वसईचा. दोह्याच्या मॉलमधल्या त्या खेळाच्या दुकानात मराठी गिऱ्हाईक आलं की त्याला बरं वाटायचं, पण ते फार वेळ टिकत नसे. "बाई, बर्फावर घसरायचे, स्कीचे बूट वाढत्या अंगाचे घेत नाहीत. आत पाय हलला की पोर पडलंच. आणि तुम्ही धरलेत ते रेसचे आहेत, दगडासारखे कडक. एवढ्या मुलाला त्यात घोटा वाकवता येणार नाही. त्यापेक्षा तो मऊ जोड न्या."

"ब्रेंडाच्या मुलाकडे हेच आहेत."

विषय संपला. ब्रेंडा कंपाउंडमध्ये शेजारच्या व्हिलात राहायची. तिचा मुलगा चालायला लागल्यापासून आल्प्समध्ये घसरत होता. शर्वरीवहिनींचा ईशान गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा बर्फावर उभा राहिला होता. शाळेची सहल दर जानेवारीत ऑस्ट्रियाला जायची आणि शेवटच्या दिवशी मुलांची शर्यत असायची. गेल्या वर्षी त्या शर्यतीत ईशान शेवटून दुसरा आला होता, आणि शर्वरीवहिनींच्या मते त्याला एकच कारण होतं, भाड्याचे बूट.

शेवटी माप बरोबर घेतलं, बूट मात्र रेसचेच. ईशान त्यात उभा राहिला आणि त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. "इट हर्ट्स, मम्मा."

"जिंकायचंय ना? मग सोस थोडं."

मागे हेल्मेट, गॉगल, नडगीची कवचं आणि काठ्या पोटाशी धरून धनाजी उभा होता. त्याने ईशानच्या पायांकडे पाहिलं. पण बोलायची ती जागा नव्हती.

धनाजी त्यांचा ड्रायव्हर. राधानगरीकडचा, पन्नाशीला टेकलेला, अंगाने लहानखुरा. आठ वर्षांपूर्वी तो या घरी आला तेव्हा शर्वरीवहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला मॅडम नको म्हणूस, वहिनी म्हण. तू आता घरचाच." धनाजीने ते खरं मानलं. घरचा असल्यामुळे त्याला शुक्रवारची सुट्टी नव्हती, कारण घरचं माणूस घरातून सुट्टी घेतं कुठे? घरचा असल्यामुळे गाडीबरोबर बागही त्याच्याकडे होती, आणि पार्टीनंतरची भांडीही. त्याला त्याचं काही नव्हतं. गावी त्याला आणि बायकोला, मुक्ताबाईला, मूल झालं नव्हतं. इथे चार वर्षांच्या ईशानला त्याने सायकल शिकवली होती. ईशान शाळेतून येताना पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसायचा आणि त्याला काका म्हणायचा. त्या एका हाकेसाठी धनाजीने आणखी दोन बागा सांभाळल्या असत्या.

त्या संध्याकाळी ईशान मागच्या पायरीवर बूट घालून बसला होता आणि रडत होता. आईने रोज तासभर घालायला सांगितले होते, म्हणजे सवय होईल.

"काका, प्लीज. डू समथिंग."

धनाजीने क्लिपा काढल्या. पोराची टाच लालभडक झाली होती. तो बूट हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला.

"वैनी, एक सांगू? नवी वहाण चावतीच. आमच्याकडं घरातलं मोठं मानूस आदी घालतंय, त्याल लावून. मऊ झाली की मग पोराला द्यायची. माझ्या बाच्या पायाला माझ्या वहाणंचे फोड असायचे."

शर्वरीवहिनी हसल्या. "तुझा पाय जाईल का पण यात?"

"जाईल की. गावात मला बाईच्या पायाचा म्हंत्यात."

पाय गेला. लांबीला बरोबर बसला. रुंदीला मात्र तो अर्धा जन्म शेतात अनवाणी चाललेला पाय होता, बोटं फाकलेली, टाच रुंद. धनाजीने दात आवळून क्लिपा बंद केल्या आणि उठला. तेव्हा त्याला कळलं की या बुटांत माणसाला सरळ उभं राहता येत नाही. बूट नडगीला पुढे ढकलतो. गुडघे वाकतात, मान पुढे येते.

"अरे, साहेबासमोर उभा असतोस तसाच दिसतोयस!" वहिनी म्हणाल्या. "घाल, घाल. पोराचा त्रास तरी वाचेल."

त्या दिवसापासून गेटजवळच्या आपल्या खोलीत धनाजी बूट घालून वावरायचा. दुपारी ईशानला शाळेतून आणलं की बूट घालायचे आणि बागेला पाणी देतानाही काढायचे नाहीत. दोह्याच्या ऑक्टोबरात प्लास्टिकच्या त्या पेटाऱ्यात पाय अक्षरशः शिजायचा. आतल्या अस्तराला तो रात्री खोबरेल तेल चोळायचा, जसं बापाने चामड्याला चोळलं होतं. अंगठ्याचं नख आधी लाल झालं, मग काळं पडलं आणि एका सकाळी मोज्यात सुटून आलं. धनाजीने ते बागेत पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याला उलट समाधानच वाटत होतं. पोराचं दुखणं आपण घेतलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दिवाळीच्या फराळाला मराठी मंडळींची कुटुंबं आली होती. चिवड्याच्या बश्या फिरत होत्या. शर्वरीवहिनींना एकदम आठवलं.

"अहो, आमच्या धनाजीची गंमत पाहिलीत का? धनाजी, ये रे, बूट घालून ये! जरा चालून दाखव."

तो आला. संगमरवरी फरशीवर टॉक, टॉक, टॉक. गुडघ्यात वाकलेला, हात पुढे.

"चंद्रावर उतरलाय!" कुणीतरी ओरडलं.

"यल्ला, चल, अजून एक राउंड!" संजीवसाहेब म्हणाले. ते ईशानचे वडील, गॅस प्लांटवर मोठे अधिकारी होते आणि एरवी फारसे बोलत नसत. एकाने व्हिडिओ कॅमेरा काढला. धनाजीने आणखी एक फेरी मारली. नखाच्या जागी आग होत होती, तरी कॅमेऱ्यासमोर आल्यावर त्याने सलामही ठोकला, कारण सोफ्यावर बसलेला ईशान पोट धरून सगळ्यांत मोठ्याने हसत होता. पोराला इतकं हसताना त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

डिसेंबरअखेर त्याने बूट पुसून, चकचकीत करून ईशानच्या पायांत घातले.

"आता?"

"डझन्ट हर्ट!" ईशानने त्याच्या गळ्यात हात टाकले. "यू आर द बेस्ट, काका."

दुखत नव्हतं, कारण बुटाने आता पोराचा पाय धरलाच नव्हता. हे धनाजीला कळायचं काही कारण नव्हतं. तो आयुष्यात बर्फावर उभा राहिला नव्हता.

जानेवारीत शाळेच्या सहलीबरोबर ते तिघे ऑस्ट्रियाला गेले. ठरल्या दिवशी धनाजी गाडी धुऊन, गाडीत ईशानच्या आवडीचा ज्यूस ठेवून विमानतळावर गेला. दारातून आधी ट्रॉली आली, मग कुबड्या, मग ईशान. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

"आगं आई! काय झालं रं बाळा?" धनाजी धावला.

ईशान त्याच्याकडे न बघता मागच्या सीटवर बसला. ज्यूस तसाच राहिला.

हॉलमध्ये संजीवसाहेबांनी बॅगेतून बूट काढून टेबलावर ठेवला. "वास घे."

धनाजीने घेतला. "खोबऱ्याचं त्याल हाय, साहेब."

"शर्यतीआधी पोरं त्याला हेअर ऑइल म्हणून चिडवत होती. दुसऱ्याच वळणावर बुटात पाय फिरला आणि सगळ्यांसमोर घोटा मोडला. तिथला कोच काय म्हणाला माहीत आहे? हे अस्तर जो घालेल त्याच्या पायाचा आकार धरतं. म्हणाला, हा बूट कुणा मोठ्या माणसाच्या पायाचा झालाय. कुणी सांगितलं होतं तुला हे उद्योग करायला?"

धनाजीने शर्वरीवहिनींकडे पाहिलं. त्या बांगडी फिरवत होत्या.

"माझ्याकडे काय बघतोस? मी थट्टेत हो म्हटलं असेन. तू खरंच तीन महिने घालशील असं मला काय माहीत?"

मग त्याने ईशानकडे पाहिलं. त्याला सुटका नको होती. पोराने एकदा मान जरी हलवली असती, काकांनी माझ्यासाठी केलं एवढं म्हटलं असतं, तरी धनाजी सगळ्या शिव्या गोड मानून घेणार होता.

ईशानने हातातल्या गेमवरून नजर काढली नाही. "आय नेव्हर आस्क्ड हिम," तो म्हणाला. "इट वॉज हिज आयडिया. ही स्टिंक्स, डॅड."

धनाजीला मराठी येत होती आणि पोटापुरती हिंदी. पण आठ वर्षं या पोराशी बोलून त्याचं इंग्रजी त्याला चांगलं कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, वैनी," तो म्हणाला.

"मॅडम म्हण," शर्वरीबाई म्हणाल्या.

"काढून टाकत नाही तुला," संजीवसाहेबांनी सांगितलं, "आम्ही काही राक्षस नाही. उद्यापासून कंपनीच्या मजुरांच्या कॅम्पवर जा. लेबरची बस चालव."

गेटजवळची खोली रिकामी करायला त्याला संध्याकाळही पुरली नाही. एक ट्रंक, एक वळकटी. निघताना शर्वरीबाईंनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत बूट घालून त्याच्यापुढे केले. "हेही ने. आता तुझ्याच पायाचे झालेत. आमच्या काय कामाचे?" वरच्या खिडकीत ईशानच्या खोलीतला दिवा लागलेला होता. धनाजी गाडी पुसायचा तिथे थोडा वेळ थांबला. खिडकीत कुणी आलं नाही.

इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात एका खोलीत आठजण होते. त्यातल्या कासमने पिशवीत डोकावून पाहिलं आणि शीळ घातली. "ये क्या है, चचा?"

"बरफ का बूट."

"पहन के दिखाओ ना!" सगळे गोळा झाले.

धनाजी खाटेवर बसला. पाय सहज आत गेला. कुठे चावलं नाही, कुठे टोचलं नाही. अंगठ्याच्या जागी अंगठा, टाचेच्या जागी टाच. जन्मात इतकी मापाची वहाण त्याला कधी मिळाली नव्हती. त्याने क्लिपा लावल्या आणि उठला.

शफीक नावाचा पोरगेला वेल्डर हसायला लागला. "अरे चचा, सीधा खडा हो ना!"

धनाजीने प्रयत्न केला. बुटाने नडगी पुढे ढकलली, गुडघे वाकले, मान खाली आली.

"इसमें ऐसाच खडा रहना पडता है," तो म्हणाला.

मंडळी जेवायला निघून गेली. धनाजी दोन खाटांच्या मधल्या जागेत तसाच वाकून उभा राहिला.